एक अब्ज सात

धायरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच इलेक्ट्रिकचं दुकान होतं. बल्ब, ट्यूब, फ्यूजची तार, सगळं मिळायचं. तरी आमचे घरमालक साधा साठचा बल्ब आणायला बसनं बुधवार पेठेत जायचे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, बसची वाट बघणं वेगळं. एकदा परत येताना गर्दीत बल्ब फुटला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. शेवटी न राहवून विचारलं, "सर, कोपऱ्यावर मिळतो की. चांगला असतो तिथला."

सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. दूधवाला म्हणाला, आज दूध घट्ट आहे, की कशावरून. काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणाल्या, आज पाऊस येईलसं वाटतंय, की कशावरून. मी खोली बघायला गेले तेव्हा सांगितलं की मी यवतमाळची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे, आणि स्वभावानं शांत आहे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी ऐकून घेतल्या आणि तिसरीला विचारलं, कशावरून? मला असा संताप आला म्हणून सांगू. दिवसभर खोल्या बघून पायाचे तुकडे पडले होते. मी म्हटलं, "नसेन शांत, तर नका देऊ खोली. पुण्यात काय तुमची एकच खोली आहे?"

"ठीक," सर म्हणाले. "आता कळलं. सामान कधी आणताय?"

ते तीस वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले होते. धायरीत तेव्हा जागा आवाक्यातल्या होत्या, म्हणून तिथं छोटं दुमजली घर बांधलं. शाळा सुटली, पण खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं. लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुका लाल करून ती आहेरासोबत परत द्यायचे. काकूंच्या पोह्यांना मार्क मिळायचे. "साडेसहा. मीठ." माझ्या हातच्या झुणक्याला दहापैकी साडेसात मिळाले, तर काकू मला म्हणाल्या, "नशीबवान आहेस, मला चाळीस वर्षांत सातच्या वर गेलेलं आठवत नाही." ते अर्ध्या मार्कापर्यंत तोलायचे, पण पूर्ण मार्क त्यांनी कशालाही दिल्याचं मी पाहिलं नाही.

आणि दोन शब्द त्यांच्या तोंडून कधीच यायचे नाहीत. माहीत नाही. एकदा फाटकाशी एका माणसानं वाघोलीला कसं जायचं म्हणून विचारलं. सर आयुष्यात वाघोलीला गेले नव्हते. पण त्यांनी त्याला डावं-उजवं करत असा रस्ता समजावला, की तो माणूस कात्रजला पोचला असेल तरी पुष्कळ. मी हसू दाबत आत आले. काकू म्हणाल्या, "हसू नकोस गं. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिलं, की ते दोन शब्द म्हणायची सवयच जाते."

रोज सकाळी सातला, चहा झाला की सर व्हरांड्यात टेबलाशी बसायचे. समोर लांबट वही. एका पानावर एकच भागाकार. पानाच्या डोक्यावर रोज तोच आकडा लिहायचा, १,००,००,००,००७. त्याला एका नव्या संख्येनं भागायचं, बाकी किती उरली त्याखाली रेघ मारायची, ताळा करून बघायचा, वही मिटायची. ताळा म्हणजे आपण शाळेत करायचो तोच, आकड्यांच्या बेरजा करून नऊ काढायचे आणि दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. पंधरा मिनिटांचं काम. दुसरा भागाकार करायचे नाहीत. "दुसऱ्यात चूक होते," म्हणायचे.

मी विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा मात्र कशावरून वगैरे न म्हणता त्यांनी खुर्ची ओढून दिली. ही संख्या मूळ आहे की नाही, ते बघायचं होतं. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानं भाग जातो का. "साताने भाग, बाकी सहा. अकराने भाग, बाकी सहा. तेराने भाग, तरी सहाच. तिघं भेटून ठरवून आल्यासारखे." हे सांगताना त्यांचा चेहरा नातवाचं कौतुक सांगणाऱ्या माणसासारखा झाला. तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एकतीस हजार सहाशे बावीसच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्यातल्या एकीनंही भाग गेला नाही, तर पुढे कशानं जायचा प्रश्नच नाही. असे भाजक चौतीसशे एक. रिटायर झाल्यावर पहिलं वर्षभर आलेख कागदांवर एकेक संख्या खोडत त्यांनी ती यादीच तयार केली होती. रोज एक म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. मी राहायला आले तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी कॉम्प्युटरवाली. मला कुठं दम निघतोय? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर आलं. मूळ आहे. संध्याकाळी उड्या मारत घरी आले आणि फाटकातूनच म्हटलं, "सर, तुमच्या आकड्याचं उत्तर काढलं मी."

सरांनी हात वर केला. वर्गात गोंगाट थांबवायला करतात तसा. "सांगायचं नाही. प्रश्न मला विचारलेला आहे, तुझ्या यंत्राला नाही."

"कोणी विचारलाय?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, चिडले. मीही चिडले. आपण मदत करायला जावं आणि आपल्याच तोंडावर दार लागावं, हे मला कधी सहन झालं नाही. पण तेव्हापासून ते उत्तर मी पोटात ठेवलं, आणि माझ्यासारख्या बडबडीला ते किती जड गेलं हे माझं मला ठाऊक.

कोणी विचारलंय ते काकूंनी सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. पंधराएक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात सरांनी चाचणी घेतली. शंभराच्या वरची कोणतीही एक मूळ संख्या लिहा, एक मार्क. सगळ्यांनी एकशे एक, एकशे तीन असलं लिहिलं. धायरीतून चालत येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं लिहिलं, एक अब्ज सात. सरांनी लाल पेनानं पुढे लिहिलं, "कशावरून?" आणि शून्य दिलं. पेपर वाटल्यावर ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, नाही हे कशावरून?"

वर्ग हसला.  सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत.

"बस, एवढंच," काकू म्हणाल्या. "पण त्यानंतर त्या पोरीनं वर्गात कधी म्हणून प्रश्न विचारला नाही. हुशार होती, दहावी चांगली पास झाली, पण तोंड उघडलं नाही. ते ह्यांच्या मनात राहिलं. आणि घर बांधून इथं आलो, तर ती कोपऱ्यावर! माहेरची जमीन बिल्डरला गेली, उरल्या तुकड्यावर तिनं दुकान काढलं. इलेक्ट्रिकचं."

मग मला बुधवार पेठ कळली. उत्तर हातात आल्याशिवाय तिच्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं सरांनी ठरवलं होतं. रस्त्यात ती समोरून आली तर मागच्या गल्लीनं वळसा घालून यायचे.

"अहो काकू, मग जाऊन सांगायचं ना तिला, की चुकलं माझं."

"चुकलं की नाही हेच तर अजून निघायचंय," काकू म्हणाल्या, आणि तेव्हा मला त्या दोघांपैकी जास्त विक्षिप्त कोण हे कळेना.

माझी स्वतःची नोकरी त्या काळात कसली होती, तेही सांगायला हवं. दोन हजार साल येऊ घातलं होतं, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले. सुरुवातीचे दोन गाळलेले. ते गाळलेले दोन आकडे हुडकून परत घालायचे, हेच आम्ही शेकडो लोक दिवसभर करायचो. माझी नजर अशी झाली होती की भाजीच्या पाटीवरही मी दोन आकडे कमी आहेत का बघायची.

त्या वर्षी सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर वाचायचं-लिहायचं नाही. सर म्हणाले, कशावरून? आणि घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, हिरवी पट्टी लावून सातला टेबलाशी बसले. जुनी वही संपली होती, नवी काढली. मी वर केस विंचरत होते. खालून सरांचा आवाज आला, "भाग गेला."

मी तशीच जिना उतरले. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. सर उभे होते. "दहा हजार सहाशे सत्तावीस. बाकी शून्य. ताळाही जुळतोय. मूळ नाही. मी दिलेलं शून्य बरोबर होतं."

काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र घाबरले. माझ्या प्रोग्रॅमनं मूळ सांगितलं होतं. आठ ओळींत माझी चूक? मग ऑफिसातलं सगळं काय चुकत असेल? सर कपडे बदलायला गेले तशी मी वही ओढली. वरचं उत्तर नऊशे एकेचाळीस. तीन आकडी. आदल्या वहीतली रोजची उत्तरं पाच आकडी होती. मग डोक्यावरच्या आकड्याकडे पाहिलं आणि दिसलं. १,००,००,००७. शून्यांची एक जोडी गळली होती. नव्या वहीत, एका डोळ्यानं, सरांनी अब्जाऐवजी कोटी लिहिला होता. आणि ताळा जुळणारच, कारण शून्यं कितीही गाळली तरी आकड्यांची बेरीज तीच राहते.

सांगायचं की नाही? सर बाहेर आले ते कोट घालून. काकूंनी आत शिरा टाकला होता.  मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे बाई, म्हातारा माणूस आहे, सुटू दे एकदाचा. कोणाचं काय बिघडतंय?

"चल माझ्याबरोबर," शिरा संपवून सर म्हणाले. "उन्हात एका डोळ्यानं नीट दिसत नाही. वही तू घे."

दुकानवाल्या ताई, म्हणजे सरांची ती विद्यार्थिनी, वायर मापत होत्या, दोन्ही हात पसरून वाव टाकत. तिशीतली बाई, कपाळाला घाम. सरांना पायरी चढताना पाहून वायर तशीच सोडून उठल्या. "सर, या की. पयल्यांदाच पाय लागले दुकानाला. डोळ्याला काय झालं?"

"डोळ्याचं राहू दे. तुझी संख्या मूळ नाही. दहा हजार सहाशे सत्तावीसनं भाग जातो."

ताई बघत राहिल्या. "कोणती संख्या, सर?"

सरांचा चेहरा पडला. साडेतीन वर्षं रोज सकाळी जिच्यासाठी बसले, तिला ती आठवतसुद्धा नव्हती. "एक अब्ज सात," ते हळूच म्हणाले. "नववीची चाचणी."

"ते होय." ताई हसल्या. "बरं सर. तुमचंच बरोबर. चहा घेता ना?"

"तुमचंच बरोबर काय? कशावरून ते विचार."

"नाय सर, कशाला." त्यांनी वायर पुन्हा हातात घेतली. "त्या दिवसापास्नं तुम्हाला मी काय विचारलंय का?"

हे त्या कुठलाही राग न ठेवता म्हणाल्या. म्हणूनच ऐकवेना. सर काउंटरला हात टेकून उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "विचार. मी सांगतोय म्हणून विचार."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कशावरून, सर?"

सरांनी मला खूण केली. मी वही उघडून काउंटरवर ठेवली आणि छताच्या पंख्याकडे बघत बसले. ताईंनी बोट ठेवून वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. "सर, माझ्या आकड्यात एकापुढं शून्याच्या तीन जोड्या होत्या, मग शून्य शून्य सात. हितं दोनच जोड्या हायेत. माझा अब्ज होता. ह्यो कोटी हाय."

सरांनी वही चांगल्या डोळ्याजवळ नेली. बराच वेळ तशीच धरली. मला ते बघवेना. "सर, मला घरीच दिसलं होतं," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात म्हणून."

"खूश होतो कशावरून?"

 सरांनी खिशातलं पेन काढलं आणि ताईंकडे हात पुढे केला. त्यांनी ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला. सरांनी उभ्याउभ्या भागाकार मांडला. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. एकाला घाई होती. ताई त्याला म्हणाल्या, "थांबा जरा, सरांचं गणित चाललंय." तो बिचारा थांबला.

वरचं उत्तर चौऱ्याण्णव हजार नव्याण्णव. बाकी नऊ हजार नऊशे चौतीस. सरांनी ताळा केला, मग पुठ्ठ्यावरची शून्यं बोटानं मोजली, आणि पेन खाली ठेवून एवढा मोठा श्वास सोडला की गिऱ्हाइकानं वळून पाहिलं.

"सुटलो," सर म्हणाले.

"बाकी उरली की, सर," मी म्हटलं. "भाग नाही गेला."

"नाही गेला म्हणूनच. सकाळी शून्य आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. कोट घातला, शिरा खाल्ला, पण छातीवरचा दगड हलेना. मी बरोबर निघालो तरी ही बाहेरच उभी होती." ते ताईंकडे वळले. "संख्या मूळ असो वा नसो, तू विचारलेलं बरोबर होतं. तुला बाहेर काढायला नको होतं. चुकलं माझं."

ताईंनी वायरचा वेढा घातला, सोडला, पुन्हा घातला. "लई राग आला होता मला, सर," त्या म्हणाल्या. "दोन दिस जेवले नव्हते. आईनं मारलं तरी नाय." आणि पदरानं कपाळाबरोबर डोळेही पुसून घेतले. मग हसल्या. मलाही एकदम मोकळं वाटलं. दीड वर्ष पोटात धरलेलं उत्तर आता मला टोचत नव्हतं.

"पण मला एक सांग," सर म्हणाले. "तो आकडा काढलास कुठून?"

"एक लिवला. मग शून्यं काढाया बरी वाटली, काढत गेले. अन् गोठ्यात सात म्हशी होत्या."

"म्हणजे ठोकून दिलं होतंस."

"व्हय, सर."

"मग शून्य मार्क बरोबरच होता," सर अत्यंत समाधानानं म्हणाले, आणि एक साठचा बल्ब मागितला. ताईंनी तो खोक्यातून काढून होल्डरला लावला, पेटवून दाखवला, आणि मगच बांधून दिला. सरांना कशावरून म्हणायला जागाच राहिली नाही.

त्यानंतरही त्यांचा रोजचा भागाकार चालूच राहिला. फरक एवढाच, की वही घेऊन सर आठ वाजता दुकानात जायचे आणि त्या दिवशीची बाकी ताईंना दाखवायचे. ताई आधी शून्यांच्या जोड्या मोजायच्या, मग चहा मागवायच्या. दोन हजार साल आलं, काहीही बुडालं नाही, माझी कंपनी मला नागपूरला पाठवून मोकळी झाली. जाताना सर म्हणाले, "उत्तर कुणाला सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

पुढे सातआठ वर्षांनी कामासाठी पुण्यात आले, तशी मुद्दाम धायरीला गेले. गाव ओळखू येईना, इमारतीच इमारती. दुकान मात्र तिथंच होतं, दुप्पट झालेलं. ताईंनी मला लगेच ओळखलं. त्यांच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीशेजारी, वहीचं एक पान फ्रेम करून लावलं होतं. वर एक अब्ज सात, तिन्ही जोड्या शाबूत. खाली शेवटचा भाजक, एकतीस हजार सहाशे सात. बाकी सतरा हजार सातशे एकेचाळीस. त्याखाली सरांच्या अक्षरात, 'मूळ आहे'. आणि कोपऱ्यात लाल पेनानं, 'अर्धा'.

"गिऱ्हाइकं विचारत्यात, ह्यो मोबाइल कुणाचा," ताई म्हणाल्या. "दहा आकडे हायेत ना."

"सर कसे आहेत?"

"ठणठणीत. आता झोपले असतील, चारला येत्यात हितं. खुर्ची ठेवलीय त्यांची."

मी त्या लाल अक्षराकडे बघत होते. नऊ वर्षं. चौतीसशे भागाकार. "ताई, अर्धाच?"

"मी पण तेच म्हणलं. तर म्हणले, उत्तर बरोबर, पण कारण लिवलं नव्हतंस." ताईंनी काउंटरवर कोपर टेकले. "मग मी विचारलं, सर, त्याला अर्धाच कापायचा, हे कशावरून?"

"मग?"

"लई वेळ इचार केला त्यांनी. चहा गार झाला. मग माझ्याकडं बघून म्हणले, माहीत नाही."